'फ2' आणि '2स' एकाच शब्दाचे कोड आहेत का?

प्लेसमेंटच्या परीक्षेत येणारं कोडं: काही अक्षरांच्या जागी ती किती होती हे सांगणारे आकडे घातलेल्या दोन स्ट्रिंग (अक्षर-आकड्यांच्या ओळी) एकाच मूळ शब्दाच्या असू शकतात का? बरीच मुलं सगळे शक्य शब्द तयार करत बसतात आणि वेळ संपतो. शब्द बनवूच नका, फक्त उधारी मोजा.

1. पहिलीत कुठवर आलो ते i, दुसरीत j, आणि 'फरक' (म्हणजे उधार अक्षरं) सुरुवातीला शून्य.
2. पहिलीत आकडा आला की फरकात मिळवा, दुसरीत आला की वजा करा.
3. फरक धन असेल तर दुसरीतलं एक अक्षर खा आणि 1 वजा करा. ऋण असेल तर पहिलीतलं खा, 1 मिळवा.
4. फरक शून्य आणि दोन्हीकडे अक्षरं, तर ती सारखीच हवीत.
5. दोन्ही संपल्या आणि फरक शून्य, तर उत्तर हो.

'फ2' आणि '2स' वर फरक असा चालतो: 0, -2, -1, 1, 0. जुळलं, शब्द 'फणस' असू शकतो. पावसात सावंतवाडीकडे विजेचा काही नेम नाही, तेव्हा हे आधी वहीवरच करून बघा.

'12' म्हणजे बारा किंवा एक आणि दोन, त्यामुळे दोन्ही फाटे तपासावे लागतात. (i, j, फरक) या तिकडीचं उत्तर साठवून ठेवा. पायथॉनमध्ये त्याला एलआरयू-कॅशची (काढलेली उत्तरं लक्षात ठेवणारी तयार सोय) एक ओळ पुरते. हे विसरलात तर लांब स्ट्रिंगवर प्रोग्राम अडकलाच म्हणून समजा.

जपायचं एकच: चाचणीला 'आंबा' घेऊ नका. अनुस्वार आणि काना वेगळे मोजले जातात, पायथॉन त्याची लांबी 4 सांगतो. 'फणस' मात्र सरळ 3.