एअरफ्लो सेन्सर मोठा करण्यापूर्वी: या चुका टाळा

फिल्टर, एक्झॉस्ट आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा भाग) असे एकेक बदल इंजिनात झाले की एअरफ्लो सेन्सरही मोठा घालावा का, हा प्रश्न हमखास पुढे येतो. बहुतेकदा तो चुकीच्या समजुतीतून विचारलेला असतो. सेन्सर हा ताकद वाढवणारा भाग नसून मोजमाप करणारे उपकरण आहे. वजनकाटा मोठा आणला म्हणून पोत्यातले धान्य वाढत नाही. आत जाणाऱ्या हवेचे वस्तुमान तापलेल्या तारेच्या किंवा पातळ फिल्मच्या साहाय्याने मोजणे आणि तो आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, कळवणे एवढेच त्याचे काम असते. किती इंधन सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे ईसीयू त्या आकड्यावरून ठरवतो.

मूळ सेन्सर हवेला अडवतो, ही समजूत जुन्या काळातून आलेली आहे. 1970 च्या दशकातील एल-जेट्रॉनिकसारख्या प्रणालींमध्ये हवेच्या दाबाने ढकलली जाणारी झडप असे आणि तिचा अडथळा खरोखरच जाणवत असे. हॉट-वायर सेन्सरमध्ये अडथळा फार कमी असतो. तरीही शंका असेल तर पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) सेन्सरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजून पाहावा. पुष्कळदा खरा दोषी फिल्टरचा डबा किंवा अरुंद पाइप निघतो.

बदल करण्याचे सबळ कारण एकच असते, ते म्हणजे सेन्सरची मोजण्याची मर्यादा संपणे. ती संपली आहे की नाही हे अंदाजाने नव्हे, तर लॉग (गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घेऊन ठरवावे. 0 ते 5 व्होल्ट देणाऱ्या सेन्सरचा लॉग पाहताना आरपीएम वाढत असूनही आकडा 4.6, 4.8 असा चढत जाऊन पाचाच्या अगदी जवळ सपाट झाला, तर तिथून पुढची हवा ईसीयूला दिसतच नाही आणि वाढीव हवेला पुरेसे इंधन मिळत नाही. काही सेन्सर व्होल्टऐवजी फ्रीक्वेन्सी देतात; त्यांच्या बाबतीत वक्राचे (सेन्सरच्या कोणत्या संकेताला किती हवा समजायची हे ईसीयूला सांगणाऱ्या तक्त्याचे) शेवटचे मूल्य पाहावे लागते. सेन्सरची मर्यादा शिल्लक असूनही ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधील कमाल मूल्य आधी गाठले जाण्याचीही शक्यता असते, आणि तसे असेल तर नवा सेन्सर घालून काहीच साध्य होत नाही.

लॉग घेण्याआधी ढोबळ हिशेबही करता येतो. दोन लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त 6000 लिटर, म्हणजे सेकंदाला 100 लिटर हवा ओढते. साध्या तापमानाला समुद्रसपाटीवर लिटरभर हवेचे वस्तुमान सुमारे 1.2 ग्रॅम असते. सिलिंडर 90 टक्के भरतो असे धरले तर सेकंदाला सुमारे 108 ग्रॅम हवा लागते. टर्बोने एक बार बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) दिला आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) चांगला असला तर हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून केवळ फिल्टर आणि एक्झॉस्ट बदललेल्या गाडीला मूळ सेन्सर बहुधा पुरतो, तर बूस्ट बराच वाढवलेल्या गाडीला तो अपुरा पडू शकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सेन्सरची नळी मोठी करणे आणि ईसीयूमधील वक्र मात्र जुनाच ठेवणे. समजा, 70 मिलिमीटरच्या नळीतला सेन्सर काढून 80 मिलिमीटरच्या नळीत बसवला. क्षेत्रफळ 1.31 पट झाल्यामुळे तितक्याच हवेचा वेग कमी होतो आणि सेन्सर प्रत्यक्षापेक्षा सुमारे 23 टक्के कमी हवा दाखवतो. ईसीयूने 12.5 भाग हवेस एक भाग इंधन असा हिशेब केला असेल, तर प्रत्यक्षात ते प्रमाण 16.3 च्या आसपास जाते. मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी पडलेले, होते हे बहुतेकांना माहीत असते. पण हवा कमी म्हणजे भारही कमी असे मानून ईसीयू इग्निशन टायमिंग पुढे नेतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भार जास्त, मिश्रण लीन आणि ठिणगी लवकर, असे तिन्ही एकत्र आले की नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) होऊन पिस्टन जाण्यास वेळ लागत नाही. मोठ्या इंजेक्टरांची (इंधन फवारणाऱ्या भागांची) भरपाई मोठ्या नळीने करण्याची जुनी युक्तीही याच कारणाने धोक्याची आहे: इंधन जुळल्यासारखे दिसते, पण टायमिंग चुकलेलेच राहते.

गरजेपेक्षा फार मोठा सेन्सर निवडल्यास आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना) हवेचा वेग इतका कमी होतो की मोजमापात बारकावा उरत नाही, आणि आरपीएम खालीवर होत राहतो. भविष्यात बूस्ट वाढवायचाच आहे म्हणून आत्ताच सर्वांत मोठा सेन्सर घ्यावा, हा विचार मला तरी पटत नाही.

बसवण्याच्या जागेकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. वळणाला किंवा टर्बोच्या तोंडाला चिकटून बसवलेल्या सेन्सरला हवेचा सरळ, एकसारखा प्रवाह मिळत नाही. प्रवाह वाढेल या आशेने काही जण पुढची जाळी कापून टाकतात. ती प्रवाह सरळ करण्यासाठीच दिलेली असते. सेन्सरवरील बाणाची दिशा तपासावी, आणि तेल लावलेला फिल्टर वापरत असल्यास तेल बेताचेच लावावे, कारण ते तारेवर बसले की मोजमाप चुकते. तार कापडाने पुसू नये; या सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे वापरून ती पूर्ण सुकू द्यावी.

बदल झाल्यावर काही बिघडले, तर फ्युएल ट्रिमवरून (ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू इंधनात टक्क्यांनी करत असलेल्या दुरुस्तीवरून) पुष्कळ उलगडा होतो. ट्रिम आयडलला बरीच अधिक असून आरपीएम वाढताच शून्याकडे येत असेल, तर सेन्सरनंतर कुठेतरी हवा गळून आत येत आहे. सर्व ठिकाणी साधारण सारख्याच टक्क्यांनी ती हललेली असेल, तर वक्र, इंजेक्टरचे मूल्य किंवा इंधनाचा दाब तपासावा. फक्त जास्त भारावर ती वाढत असेल, तर मळलेला सेन्सर किंवा कमकुवत इंधन पंप यांचा संशय घ्यावा. गिअर बदलताना गाडी क्षणभर रिच (इंधन जास्त) होऊन बंद पडत असेल, तर मोजलेली हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हे नेहमीचे कारण आहे. ती हवा सेन्सरनंतरच्या इंटेक पाइपमध्ये परत वळवावी. पूर्ण थ्रॉटलवर मात्र ट्रिमवर विसंबू नये, कारण तिथे ईसीयू सहसा ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नाही. त्यासाठी हवा-इंधनाचे प्रमाण नेमके मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा लॉगच हवा.

सेन्सरचा प्लग काढून गाडी सुधारते का हे पाहण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे. प्लग काढल्यावर ईसीयू जी पर्यायी मूल्ये वापरतो ती मूळ इंजिनासाठी ठरवलेली असतात. त्यामुळे बदल केलेल्या इंजिनावर ही चाचणी आयडलपुरतीच करावी आणि बूस्टमध्ये गाडी तशी कधीही चालवू नये.