दोन वर्षांचं मूल घेऊन अमेरिकेला जाताना युरोपात थांबायचं कुठं?

दर उन्हाळ्याच्या आधी बेळगावातल्या कुणा ना कुणा ओळखीच्या घरातून मला फोन येतो. लेक किंवा मुलगा अमेरिकेत, बरोबर दोन वर्षांचं नातवंड, आणि प्रश्न ठरलेला: "वाटेत दोन दिवस युरोप करून घ्यावं म्हणतोय. पॅरिस बरं की स्वित्झर्लंड?" मी आधी उलट विचारते, तुमचं विमान तिथं किती वाजता उतरतं? याचं उत्तर सहसा कुणाकडंच नसतं. सगळं अडतं ते तिथंच.

माझी दोन मुलं एक ते तीन वर्षांची असताना मी हा प्रवास पाच वेळा केला, त्यात दोनदा एकटीनं. नणंद न्यूजर्सीला असते. त्यामुळं पुढचं सगळं अमेरिकेच्या वाटेचं आहे, पण कॅनडाला जाणाऱ्यांनाही तेवढंच लागू पडेल.

तास घरापासून मोजा

मुंबई-पुण्याच्या लोकांचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांचं मूल रात्री घरी जेवून टॅक्सीत बसतं. आपलं मूल विमानाच्या पायरीवर येईपर्यंत अर्धं थकलेलं असतं. बेळगावहून पहाटेची वंदे भारत पकडली तर बंगळूरला साधारण साडेआठ तास. (यशवंतपूरला उतरा, तिथून विमानतळ मॅजेस्टिकच्या मुख्य स्थानकापेक्षा जवळ पडतो.) युरोपची बहुतेक विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि दहा तासांच्या आसपास उडतात. पहाटे ५ला टिळकवाडीतलं दार ओढून घेतलं, की युरोपातल्या पलंगावर पाठ टेकेपर्यंत ३३-३४ तास गेलेले असतात. मोठी माणसं ते सोसतात. दोन वर्षांच्या मुलानं ते का सोसावं?

म्हणून पहिला थांबा युरोपात नाही, बंगळूरला घ्या. विमानतळाजवळ देवनहळ्ळीच्या बाजूला दुपारपुरती खोली घेऊन मुलाला आंघोळ घाला, वरण-भात भरवा आणि चार तास झोपवा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणाऱ्यांनीही हे करावं. निपाणी-चिकोडीकडच्यांना मुंबई सोयीची वाटते, त्यांनी तिथं असंच करावं. बिदरच्या लोकांना हैदराबाद दारातच आहे, त्यांचा हा त्रास वाचतो.

थेट विमान असेल तेच शहर

निवड एका फटक्यात निम्मी करायची तर ही चाळणी लावा. तुमच्या विमानतळावरून त्या शहराला थेट विमान हवं आणि तिथून पुढं मुक्कामाच्या गावालाही थेट हवं. एखाद्या सुंदर शहरासाठी तिसरं विमान घेऊ नका. बंगळूरहून फ्रँकफर्ट, म्युनिक, ॲमस्टरडॅम, पॅरिस, लंडन थेट आहेत. मुंबईहून त्यांत झुरिक वाढतं. हैदराबादहून फ्रँकफर्ट आहे. वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, तेवढं तपासा. व्हिएन्ना, प्राग, रोम या यादीत आणण्यासाठी लोक फार खटपट करतात. मूल सहा वर्षांचं झालं की करा.

सगळं एकाच तिकिटावर काढा. २४ तासांपेक्षा जास्त थांबलात तर बॅगा तुमच्या हातात येतील, हे धरून सामान भरा. मूल परतीच्या आधी दोन वर्षांचं पूर्ण होत असेल तर परतीला त्याची स्वतंत्र सीट लागते. विमानात बाळासाठी देतात त्या पाळण्याच्या भरवशावर राहू नका. तो साधारण १०-११ किलोंच्या बाळापर्यंतच चालतो.

व्हिसा

पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला म्हणून फ्रँकफर्टच्या रस्त्यावर पाय ठेवता येत नाही. विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतोच, आणि लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा. आधी अमेरिकेचा व्हिसा हातात घ्या, मगच शेंगेनचा अर्ज करा. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधी घेत नाहीत आणि शेवटच्या १५ दिवसांत करून चालत नाही. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार मात्र वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. येताना-जाताना दोन्ही वेळा थांबणार असाल तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही.

आपल्या भागातली एक नेहमीची चूक सांगते. कोल्हापूर-पुणे जवळ, म्हणून तिकडची तारीख घेऊन बसतात. पण अर्ज कुठं करायचा ते काही देशांसाठी राहत्या पत्त्यावर ठरतं.  निपाणीहून पुणे कितीही जवळ असलं तरी आधार कार्डावर कर्नाटक लिहिलेलं असतं. तारीख घेण्याआधी एवढं बघा.

सकाळी नऊ ते दुपारी तीन

इथं मी पहिल्यांदा सपशेल फसले, आणि कुठल्याही सल्ल्यात हे सांगितलेलं मला सापडलं नव्हतं. म्हणून इथं जरा थांबते.

थोरला वीस महिन्यांचा असताना आम्ही पॅरिस निवडलं. सकाळी आठ-साडेआठला उतरलो. पासपोर्टच्या रांगेत तास गेला. बॅगा घेऊन आरईआर गाडीनं शहरात आलो आणि मेट्रो बदलायला गेलो, तर समोर जिने. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली. जुन्या मार्गांवरच्या बहुतेक स्थानकांत लिफ्ट नाही. नवऱ्याच्या दोन्ही हातांत बॅगा, माझ्या एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात मिटलेली बाबागाडी. साडेअकराला हॉटेलात पोचलो तेव्हा काउंटरवरची मुलगी अगदी हसून म्हणाली, खोली तीन वाजता मिळेल.

बेळगावच्या घड्याळात तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आदल्या दिवशी पहाटे उठलेलं ते मूल धड पलंगावर झोपलंच नव्हतं. लॉबीत एका खुर्चीत ते माझ्या खांद्यावर झोपलं, दचकून उठलं, रडलं, दूध प्यालं आणि सगळं उलटलं. तीनला खोली मिळाल्यावर आम्ही तिघंही झोपलो ते रात्री नऊला उठलो. मग उरलेली रात्र मूल टक्क जागं. दुसरा दिवसही त्यातच गेला. आयफेल टॉवर आम्ही पाहिला असं फोटो सांगतात.

त्यानंतर मी शहर निवडते ते एकाच प्रश्नावर: विमानाच्या दारापासून पलंगापर्यंत किती वेळ, आणि पोचल्यावर तो पलंग मोकळा असेल का? या दोन गोष्टी जमल्या की शहर कुठलंही चालतं. त्या नाही जमल्या तर स्वर्गातही थांबू नका.

खोली तीनच्या आधी मिळावी अशी नुसती विनंती करून भागत नाही. "विनंती नोंदवली आहे" असं उत्तर आलं तरी तो शब्द नव्हे. आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या. १२ मेच्या सकाळी उतरत असाल तर आरक्षण ११ मेपासून करा आणि हॉटेलला लेखी कळवा: आम्ही १२ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास येऊ, खोली ११पासून आमच्याच नावावर ठेवा. हे न कळवता गेलात तर ११च्या रात्री तुम्ही आला नाहीत असं धरून ते आरक्षण रद्द करू शकतात. व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रातही या तारखेचं कारण एका ओळीत लिहा, म्हणजे विमानाची आणि हॉटेलची तारीख का जुळत नाही असा प्रश्न उरत नाही. एका रात्रीचे पैसे जास्त जातात हे खरं आहे. दुसरीकडं कुठंही काटकसर करा, इथं नको.

एवढा खर्च झेपत नसेल तर विमानतळाला चालत जोडलेलं हॉटेल दिवसापुरतं मिळतं का ते बघा. फ्रँकफर्ट, म्युनिक, ॲमस्टरडॅम, झुरिक या चारही विमानतळांवर अशी हॉटेलं आहेत. उतरल्या उतरल्या दोन-तीन तासांची झोप झाली की मूल पुन्हा माणसात येतं.

पासपोर्टच्या रांगेचा वेळही हिशेबात धरा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत बाहेरच्या प्रवाशांची चेहऱ्याच्या फोटोसह नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. फोटो लहान मुलांचाही काढतात. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळी रांग आहे का, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचाराच. न विचारता कुणी सांगत नाही.

मग शहरं

फ्रँकफर्टचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. माझी पहिली पसंती तीच. विमानतळावरून मुख्य स्थानक लोकल गाडीनं पंधरा मिनिटांच्या आत, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. माइन नदीच्या काठानं बाबागाडी सरळ ढकलत न्यावी अशी वाट आहे. १८५८ सालचं प्राणिसंग्रहालय आहे, पाल्मेनगार्टेन नावाची मोठी वनस्पतींची बाग आहे, आणि झेंकेनबर्ग संग्रहालयात डायनासोरचे सांगाडे आहेत. एकच इशारा देते, मुख्य स्थानकाच्या समोरच्या गल्ल्यांत स्वस्त दिसली म्हणून खोली घेऊ नका. तिथं नशेत पडलेली माणसं उघड्यावर दिसतात. नदीपलीकडं झाक्सेनहाउझेन बरं.

झुरिक याहून सोपं. गाडी दहा-बारा मिनिटांत शहरात पोचते, ट्राममध्ये बाबागाडी सहज चढते, समोर तळं. तिथल्या प्राणिसंग्रहालयातलं मासोआला हे मादागास्करचं जंगल पारदर्शक छताखाली उभं केलेलं आहे, त्यामुळं बाहेर पाऊस असला तरी दिवस फुकट जात नाही. पण सगळंच महाग आहे, साधं जेवणसुद्धा. मुंबईहून जाणार असाल आणि दोनच रात्रींचा प्रश्न असेल तर घ्या.

ॲमस्टरडॅमला गाडी पंधरा-सतरा मिनिटांत मध्यावर पोचते, फोंडेलपार्क मुलांना आवडतो, आर्टिस प्राणिसंग्रहालय १८३८चं आहे. मात्र कालव्याकाठच्या जुन्या घरांतल्या हॉटेलांचे जिने शिडीसारखे उभे असतात आणि लिफ्ट नसते. फोटोतल्या खिडकीला भुलू नका, लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही. पळणारं मूल असेल तर हात सोडू नका. सायकलींचं भय तर मोटारींपेक्षा जास्त.

म्युनिक छान आहे, पण विमानतळ चाळीस मिनिटं लांब. पॅरिस आणि लंडन दोन वर्षांच्या मुलासाठी नकोच. हे मत मी बदलणार नाही.

आमच्या सासऱ्यांना ही बागांची यादी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "अगं, एवढं पैसं घालून तिकडं जाऊन बागेतच बसायचं असंल तर मिलिटरी महादेवच्या बागेत बसा की!" त्यांना मी सांगितलं तेच इथं सांगते. मुलाला बाग हवी असते म्हणून तर थांबायचं. त्यात आपल्याला नदी दिसली, जुना पूल दिसला, तर ते आपलं.

दोन रात्री, आणि पहाटेची तयारी

एक रात्र अपुरी पडते आणि तिसरीला शहर मुलाला नको होतं. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतो, हिवाळ्यात साडेचार. बेळगावात सातला उठणारं मूल तिथं उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला डोळे उघडणार. त्याला परत झोपवायच्या नादी लागू नका. दिवा मंद ठेवा, खायला द्या, जमिनीवर खेळू द्या. हॉटेलातली न्याहारी साडेसहाच्या आधी मिळत नाही, म्हणून लहानसं स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. दुपारची झोप दोनच्या पुढं जाऊ देऊ नका आणि संध्याकाळी सातपर्यंत कसंही करून बाहेर उजेडात ठेवा. दुसऱ्या पहाटे मूल पाचपर्यंत झोपतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळातला पुढचा सहा तासांचा फरक मग त्याला एवढा जड जात नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जाड काळं कापड आणि चार चिमटे बरोबर ठेवा.

खाण्याचं. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, पातळ पोहे, मूगडाळ-तांदळाचं भाजलेलं पीठ एवढं पुरतं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, म्हणून तुपाची बाटली घरी ठेवा. बेळगावचा गोड कुंदा नणंदेला कितीही आवडत असला तरी तो सगळा दुधाचाच, मी वाटेत थांबणार असले की नेत नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे, डबा कंपनीचा आणि सीलबंद हवा, किंवा चालू वापरातला, आणि माणशी दोन किलोंपर्यंत. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. त्या दिवशी दूध-केळी विमानतळावरच्या किंवा मुख्य स्थानकातल्या दुकानात मिळतात.

एकटीनं मूल घेऊन जात असाल तर नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा.

परतीला युरोपात थांबू नका. तिकडून विमान रात्री सुटतं, सात-आठ तासांत पहाटे युरोपात टाकतं, आणि पुन्हा तोच सकाळच्या खोलीचा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा सरळ बंगळूर गाठा, तिथं एक दिवस झोपा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं घरी या. मूल धारवाडपर्यंत झोपतं आणि बेळगाव स्टेशनवर आजोबांना बघून स्वतः चालत खाली उतरतं.