बारा घरांचा किराणा एकत्र कसा भरायचा

पुण्यात बिबवेवाडीला आमच्या चाळीतली बारा घरं मिळून महिन्याचा किराणा मार्केट यार्डातून आणतो. कसं जमवलं असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी हे बघा, ज्याचा पगार एक तारखेला होतो तो पाच किलो डाळ एकदम घेतो, आणि जिला संध्याकाळी रोज मिळतो ती पाव किलो डाळ आणि वीस रुपयांचं सुट्टं तेल घेते, आणि किलोचा हिशोब लावला तर जास्त पैसे तिचेच जातात. ती बाई यात नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करायची.

प्रत्येक गल्लीत भिशी चालवणारी एखादी ताई असतेच, पहिलं तिला धरा. पैशाच्या बाबतीत लोकांचा तिच्यावर विश्वास असतो आणि कुणाची ओढाताण चाललीय तेही तिला न सांगता कळतं. एकरकमी पैसे मागूच नका, दर शनिवारी जमेल तेवढे जमा करायचे आणि वहीत लिहून सही घ्यायची. शिवाय दर घरामागे महिन्याला वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे, ज्याचे पैसे कमी पडतील त्याचे त्यातून भरायचे, नंतर तो सावकाश परत करतो. कुणाचे भरले हे फक्त त्या ताईला आणि मला माहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट बाकी टाकलीत तर ते घर पुढच्या महिन्यात येणार नाही, आमच्याकडे असं एकदा झालं आणि त्या काकूंना परत आणायला चार महिने लागले.

ही पद्धत काही नवीन नाही, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून असंच महिन्याचं सामान पुरवते.

यादी छोटी ठेवा. तांदूळ, गहू, तूरडाळ, साखर, तेल, शेंगदाणे, बस. साबण मसाले घेतले की ब्रँडवरून वाद. आणि ते चाळीखालच्या वाण्याकडूनच घ्या, अडीनडीला उधारी तोच देतो, त्याला तोडू नका.

भुसार बाजारात दोघांनी जायचं, तीन दुकानात भाव विचारायचा आणि हमाली, टेम्पो धरून घरपोच किलोला किती पडतं ते काढायचं, नुसता पोत्याचा भाव ऐकून खूश व्हायचं नाही. डाळीचा मूठभर नमुना मागून घरी शिजवून बघा, दिसायला पिवळीधमक आणि कुकरमधून निघते तर तशीच टणक असं होतं. पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाका.

वाटपात खरी गडबड होते. पहिल्या महिन्यात ५० किलोचं साखरेचं पोतं फोडलं, प्रत्येकाला काटा जरा झुकवूनच दिलं, आणि शेवटच्या दोन घरांना अर्धा अर्धा किलो कमी पडली. आता डिजिटल काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून शून्य करतो, ५० ऐवजी साडेएकोणपन्नासच वाटायला धरतो, आणि या महिन्यात जे घर शेवटी होतं ते पुढच्या वेळी पहिलं. तेलाचा १५ किलोचा डबा पण काट्यावरच वाटा, बाटलीच्या मापाने नको, लिटर आणि किलो सारखे नसतात. बाटल्या कोरड्या ठणठणीत हव्यात.

गहू तांदूळ मागवायच्या आधी प्रत्येक घराचं रेशनकार्ड बघा. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य सध्या फुकट मिळतं. आमच्या इथं लातूरकडचं एक कुटुंब कार्ड गावचं आहे म्हणून तीन वर्षं विकतच घेत होतं. वन नेशन वन रेशनकार्डमुळे गावच्या कार्डावर इथल्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं, फक्त आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ ला फोन करा, आणि पहिल्या वेळी सोबत कुणीतरी जा, एकट्या माणसाला हाकलून देणं सोपं असतं.

यादी २५ तारखेला बंद, २८ ला यार्ड, एक तारखेच्या आत वाटप. पावसाळ्यात मात्र डाळ तांदूळ एकाच महिन्याचे घ्या, पोरकिडे झाले की सगळी बचत पाखडण्यात जाते.