सणाचं गोड खाल्लं की साखर चढायची. शेवटी हे लागू पडलं

मला मधुमेह आहे. सणाला गोड खाल्लं की दोन तासांनी ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजणारं यंत्र) १८० mg/dL च्या वर आकडा दाखवायचा. शुगर-फ्री मिठाई घेतली, पण तिच्यातलं पीठ आणि दूधही साखर वाढवतंच. जेवण टाळून नुसतं गोड खाल्लं, तर साखर आणखी झपाट्याने चढली. फार वैताग आला.

उपयोगी पडलेला क्रम: आधी भाज्या, मग प्रथिनं. गोडात जेवढी कर्बोदकं, अंदाजे तेवढे पिष्टमय पदार्थ (पोळी, भात) ताटातून कमी. हीच खरी गोम. गोड अगदी शेवटी, त्याच जेवणात; मधल्या वेळी नाही. लगेच पंधरा मिनिटं चालणं. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी तपासणी. आता आकडा १८० च्या आत राहतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ताटात बदल करा. साखर एकदम घसरू शकते.