जुना कॉम्प्युटर विकण्याआधी हार्ड डिस्क खरोखर कोरी कशी करावी

क्विक फॉरमॅट मारणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. बिऱ्हाड आत तसंच असतं. पॅन-आधारचे स्कॅन, फॉर्म 16, पासबुकाचे फोटो, सगळं. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी 158 जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 साली निष्कर्ष छापले. चालू निघालेल्या 129 पैकी नीट पुसलेल्या होत्या जेमतेम 12.

ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती विंडोजमधूनच पुसता येत नाही. ती काढा आणि सॅटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरतच नाही, आणि लोक समजतात डिस्क मेली.

आता कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा नंबर (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या). इथे थांबा. 'डिटेल डिस्क' देऊन मॉडेलचं नाव डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा, कारण पुढची कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही. ती कमांड म्हणजे 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' दिलंत तर पार्टिशनची (डिस्कच्या भागांची, म्हणजे सी, डी वगैरे) नोंद जाते, मधला डेटा जागेवरच राहतो. 'ऑल'मुळे प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक छोट्या कप्प्यावर, शून्य लिहिलं जातं. 1 टीबीला साधारण दोन-तीन तास, जुन्या यूएसबी 2 पोर्टवर आठ-नऊ. टक्केवारी काही दिसत नाही. हँग झालंय म्हणून केबल उपटू नका, आणि लॅपटॉपचा स्लीप मोड आधीच बंद करा.

35 वेळा पुसा, असं कुठेतरी वाचाल. ती शिफारस 1996 सालची, तेव्हाच्या डिस्कसाठी होती. आजच्या डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते.

झाल्यावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं फुकट सॉफ्टवेअर त्या डिस्कवर चालवा. एक जरी फोटो किंवा पीडीएफ सापडली तर फेरी अर्धवट झालीय, पुन्हा करा.

एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर साठवणारी डिस्क) हे लागू नाही. तिचा कंट्रोलर लिखाण वेगवेगळ्या सेलमध्ये फिरवत राहतो आणि काही जागा राखीव ठेवतो. वरून लिहिलेलं शून्य तिथे पोचेलच असं नाही. त्यासाठी बायोसमधला (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणारी सेटिंग) किंवा कंपनीच्या टूलमधला 'सिक्युअर इरेज' वापरा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, पहिल्या दिवसापासून चालू असेल तर काम निम्मं झालंय.

डिस्क मेलेली असेल तर पुसणं विसरा, तोडा. साडेतीन इंचीचं झाकण बहुधा टी8 टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि एक स्क्रू हमखास लेबलखाली लपलेला. सगळ्या तबकड्या बाहेर काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा. एक भोक पाडून उरलेली तबकडी शाबूत राहते. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बरेचदा काचेची असते, फुटून तुकडे उडतात; गॉगल घालून, जाड कापडात गुंडाळूनच हातोडा मारा. आतले चुंबक बोटं चिमटतात. एसएसडी असेल तर प्रत्येक मेमरी चिप फोडावी लागते.

ऑफिसचं मोठं झेरॉक्स मशीन किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर भंगारात चाललाय? मागचा पत्रा उघडून बघा, त्यातही बहुधा हार्ड डिस्क असते.