जर्मन शेफर्ड दत्तक घेताना या चुका टाळा

शहरात हौसेने आणलेला जर्मन शेफर्ड मोठा झाला आणि त्याच्या खाण्याचा, केसांचा, फिरवण्याचा व्याप झेपेनासा झाला, की कधी त्याची रवानगी निवारा केंद्रात होते, तर कधी त्याला हायवेलगतच्या ढाब्यापाशी सोडून दिले जाते. अशा कुत्र्याला विदर्भातल्या एखाद्या खेड्यात घर मिळत असेल, तर त्याच्यासारखा आनंद नाही. मात्र "पोलीस कुत्रा आहे, वावरात बांधला की जागलीची चिंता मिटली" एवढाच हिशेब करून त्याला आणले, तर बहुतेक वेळा तिथेच सगळे बिघडायला सुरुवात होते.

ही जात राखण करते ती आपल्या माणसांची. आधीच एकदा माणसांनी सोडलेल्या कुत्र्याला पहिल्याच रात्री अनोळखी वावरात साखळीने एकटे बांधले, तर तो राखण करत नाही, घाबरून रात्रभर भुंकतो आणि महिनाभर असेच चालले तर जवळ येईल त्याच्यावर धावून जाऊ लागतो. म्हणून त्याला आधी घराच्या ओसरीत एक ठरलेला कोपरा द्यावा, तिथे गोणपाट अंथरावे आणि पहिले पंधरा दिवस घरातल्या एकाच माणसाने त्याला ठरल्या वेळी खाऊ घालावे व फिरवावे. गावातली पोरे कौतुकाने गोळा होतात, त्यांनाही या काळात लांबच ठेवावे. कुत्रा जेवत असताना किंवा झोपलेला असताना त्याच्या अंगाला हात लावू देऊ नये. नवे घर आपले वाटायला अशा कुत्र्याला साधारण तीन महिने लागू शकतात, आणि तेवढा धीर नसेल तर त्याला आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बैल आणि शेळ्यांशी गाठ घालून देण्याची घाईही अशीच महागात पडते. 1899 साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यांनी ही जात मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून घडवली, त्यामुळे पळणारे जनावर दिसले की त्याच्यामागे धावून त्याला वळवण्याची ओढ तिच्या रक्तातच आहे. ती ओढ गोठ्यात बैलाच्या खुरांपाशी गेली, तर एका लाथेत जबडा फुटू शकतो. सुरुवातीचे काही आठवडे कुत्र्याच्या पट्ट्याची दोरी हातात धरूनच, लांबून जनावरे दाखवावीत आणि तो शांत राहिला की खाऊ द्यावा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते गोचिडांकडे. गोठ्याच्या भिंतींच्या फटींत, खाटेच्या सांध्यांत दबा धरून बसणारी कुत्र्यांची तपकिरी गोचीड एर्लिकिओसिस नावाचा ताप पसरवते. हा आजार जर्मन शेफर्डमध्ये विशेष उग्र रूप धरतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे याच जातीचे कुत्रे त्याने मोठ्या संख्येने दगावले होते. खाणे कमी होणे, ताप, हिरड्या पांढुरक्या पडणे आणि नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे आहेत. पण काही कुत्र्यांत हा आजार महिनोन्महिने दबून राहतो. म्हणून कुत्रा धडधाकट दिसत असला तरी आणल्याबरोबर त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय नसेल, तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत चौकशी करावी. आजार निघाल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात आणि आठ दिवसांत तरतरी आली म्हणून मध्येच थांबवल्यास ताप उलटण्याचा धोका असतो. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर चोळणे, किंवा गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन त्याला टोचणे, ही तर जिवाशी गाठ आहे. या जातीतल्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन आनुवंशिक कारणाने सोसतच नाही.

त्यानंतर उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, नवतपात तर टिनाच्या छपराखाली माणूसही टिकत नाही. अशा वेळी उष्णता कमी व्हावी म्हणून कुत्र्याचे केस वस्तऱ्याने साफ उतरवले जातात. खरे तर त्याच्या दुहेरी केसांतला वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो. आतली मऊ लव तेवढी रोज विंचरून काढावी. फिरवणे सूर्योदयापूर्वी उरकावे आणि दुपारी त्याला मातीच्या घरात किंवा कूलरपाशी ठेवावे. कुत्रा सतत धापा टाकू लागला, लाळ गाळून अडखळू लागला, तर पोट, मांड्या आणि पंजे साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली न्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

निवाऱ्यातून आलेला कुत्रा हडकुळा असतोच, असे समजून भाकर-वरण वाढवत जाण्यातही एक फसगत आहे. भरपूर खाऊनही तो वाळतच गेला, आणि त्याची विष्ठा फिकट, तेलकट व ढिगाने पडू लागली, तर स्वादुपिंडात पाचक रस तयार होत नसल्याची शंका घ्यावी. हा विकार या जातीत बराच आढळतो आणि जेवणात पाचक एन्झाइमची पूड मिसळली की बहुतेक कुत्रे सुधारतात. जेवण दिवसातून दोनदा विभागून द्यावे आणि त्यानंतर तासभर तरी पळवू नये. पोट नगाऱ्यासारखे फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, आणि तेव्हा सकाळची वाट पाहण्याइतका वेळ हाती नसतो. मोटारसायकलीमागे पळवून त्याला दमवण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण मागच्या खुब्याचे सांधे या जातीत मुळातच कमकुवत निघू शकतात.

रेबीजची लस जुन्या कागदांवर लिहिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवून पुढची तारीख पक्की करावी. जंगलालगतच्या गावांत बिबट कुत्र्यांसाठी अंगणापर्यंत येतो आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, म्हणून तिथे त्याला रात्री दार लावून घरातच झोपवावे.