पॉलिमरची जाळी जुळत नाही? या चुका टाळा

जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि मार्चमध्ये अथणीला बघता बघता कडकडीत होतात. दवाच्या थेंबांवर पॉलिमरची जाळी, म्हणजे बारीक भोकांची पातळ फिल्म, करायची तर हाच फरक सगळ्यात आधी लक्षात घ्यावा लागतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातल्या एमएस्सीच्या मुलांचा प्रयोग फसला की बहुतेकजण पॉलिमर बदलायला धावतात. चूक बहुधा हवेत असते.

पॉलिस्टायरिन (थर्माकोल ज्याचा असतो तो पॉलिमर) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर पातळ पसरायचं आणि वरून दमट हवा सोडायची. क्लोरोफॉर्म उडताना द्रावण गार पडतं, त्यावर दव धरतं आणि थेंब आपोआप षटकोनी मांडणीत येतात. शेवटी पाणीही उडतं आणि मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं उरतात. विडाव्स्की, राविझो आणि फ्रांस्वा या संशोधकांनी १९९४ साली हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. साचा कोरावा लागत नाही, म्हणून मोठ्या आकाराची फिल्म करायलाही ही पद्धत सोयीची.

फिल्म काचेसारखी स्वच्छ, पारदर्शक आली तर समजा, दव धरलंच नाही. २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २१ अंशांवर दव धरतं. ४० टक्क्यांना पृष्ठभाग १०-११ अंशांपर्यंत उतरावा लागतो. एसीच्या खोलीत हवा आणखी कोरडी होते. म्हणून शोधनिबंधातली कृती जशीच्या तशी उचलू नका. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) भिंतीवर टांगून उपयोग नाही, तो द्रावणाच्या डिशशेजारी ठेवा.

कोरड्या दिवसांत बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवून ७५ टक्के आर्द्रता मिळवता येते, हे खरं. पण त्याच बंद बरणीत क्लोरोफॉर्मची वाफ साचते, उडणं मंदावतं, गारवा कमी पडतो आणि थेंब एकमेकांत मिसळत जातात. त्यापेक्षा फिशटँकचा साधा पंप घ्या, त्याची हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत आणा आणि डिशवर उलट्या धरलेल्या काचेच्या फनेलमधून हळू सोडा. पंप पाण्याच्या अलीकडे, स्वच्छ हवेत राहू द्या.

फनेल हवंच, कारण फ्यूम हूडचा (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाचा) ओढा डिशवरून गेला की एक बाजू आधी सुकते. पण त्या ओढ्याला कंटाळून डिश हूडबाहेर आणू नका. क्लोरोफॉर्मची वाफ श्वासात जाणं धोक्याचंच. १९९४च्या कामात क्लोरोफॉर्मऐवजी कार्बन डायसल्फाइड वापरलं होतं. त्याच्या वाटेला जाऊच नका. ते विषारी आहे आणि साधारण १०० अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागावरही पेटू शकतं.

प्लॅस्टिकची पेट्री डिश बहुधा पॉलिस्टायरिनचीच असते, ती द्रावणात विरघळेल. काच वापरा.

भोकं लहान-मोठी, वेडीवाकडी येत असतील तर मात्र पॉलिमरकडे वळा. पॉलिमरने प्रत्येक थेंबाभोवती पातळ साय धरावी लागते, तेव्हा थेंब फुटून एक होत नाहीत. पॅकिंगच्या थर्माकोलमधलं सरळ साखळीचं पॉलिस्टायरिन हे काम बेताचंच करतं. ताऱ्यासारखे फाटे असलेलं किंवा टोकाला कार्बोक्सिल गट असलेलं जास्त नेटकं जुळतं. द्रावण एक ते पाच टक्क्यांच्या दरम्यान करून बघा.

मोठी फिल्म करताना हवा एकाच नळीतून सोडली तर नळीजवळ एक नक्षी येते आणि लांबच्या टोकाला दुसरी. हवा अनेक बारीक छिद्रांतून पसरवा, काच पाणसळीने समतल करा. मग लाल लेसर पॉइंटर फिल्ममधून मागच्या कागदावर पाडा, डोळ्यांपासून दूर धरून. सहा ठिपके दिसले तर मांडणी षटकोनी. कडं दिसलं तर तुकडे जुळलेत पण दिशा वेगवेगळ्या. नुसतं धुरकट दिसलं तर मांडणीच नाही. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत बघा. मधे ठिपके आणि कोपऱ्यांत धूर असेल तर द्रावण तेच ठेवा, हवेचा मार्ग बदला.